नाव एक, क्रमांक अनेक: विंडोज आणि युनिक्स यांच्यातील वापरकर्ता खात्यांचे मॅपिंग

एकाच नेटवर्कवर विंडोज आणि लिनक्स अशी दोन्ही प्रकारची यंत्रे असणे आता नवे राहिलेले नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात तर हे नेहमीचेच चित्र असते. कॅडच्या प्रयोगशाळेत विंडोज, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रयोगशाळेत उबुंटू, कार्यालयात पुन्हा विंडोज, आणि सर्वांच्या फाइली ठेवायला एक सामाईक सर्व्हर. एखाद्या विद्यार्थिनीने सोमवारी विंडोजवर बसून प्रकल्प अहवाल लिहिला, तर बुधवारी लिनक्सवर बसून तोच अहवाल तिला उघडता यायला हवा आणि शेजारच्याला उघडता येऊ नये. मागणी एवढीच आहे. पण ती पूर्ण करायची तर सर्व्हरला एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे लागते: विंडोजवरची ‘मीना’ आणि लिनक्सवरची ‘मीना’ ही एकच व्यक्ती आहे का?

नाव सारखे आहे म्हणून उत्तर ‘हो’ असेल असे आपल्याला वाटते. अडचण अशी की फाइलवर हक्क कोणाचा हे ठरवताना दोन्हींपैकी एकही ऑपरेटिंग सिस्टिम नाव पाहत नाही. दोघीही क्रमांक पाहतात, आणि दोघींच्या क्रमांकांची जातकुळी पूर्ण वेगळी आहे. हे दोन प्रकारचे क्रमांक एकमेकांशी कसे जोडतात, जोडणी चुकली तर नेमके काय होते आणि कोणती पद्धत कधी निवडावी, हे या पाठात पाहू.

युनिक्सच्या दृष्टीने वापरकर्ता

युनिक्समध्ये प्रत्येक खात्याला एक पूर्णांक दिलेला असतो. त्याला यूजर आयडी किंवा थोडक्यात यूआयडी म्हणतात. गटासाठी तसाच जीआयडी असतो. फाइल तयार झाली की तिच्या आयनोडमध्ये मालकाचा यूआयडी आणि गटाचा जीआयडी लिहिला जातो. तिथे नाव कुठेच नसते. ‘एलएस’ आज्ञेने फाइलींची सविस्तर यादी काढली की मालकाचे नाव दिसते खरे, पण ते त्या क्षणी पासवर्ड फाइलमध्ये शोधून आणलेले असते. त्या क्रमांकाचे खाते यंत्रावर नसेल तर नावाच्या जागी नुसता आकडा छापला जातो. कर्नलला त्याने काही फरक पडत नाही.

क्रमांक ० हा रूटचा. बाकीचे वाटप प्रत्येक यंत्र आपापले करते. उबुंटूवर पहिल्या सामान्य वापरकर्त्याला १००० मिळतो, पुढच्याला १००१, असे चालते. मॅकवर पहिला वापरकर्ता ५०१ असतो. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत सुरुवात ५०० पासून होती, सातव्या आवृत्तीपासून ती १००० झाली. म्हणजे क्रमांक हा माणसाचा गुणधर्म नाही. त्या यंत्रावर खाती कोणत्या क्रमाने उघडली गेली, एवढेच तो सांगतो.

समजा, पहिल्या यंत्रावर आधी मीनाचे आणि मग जोसेफचे खाते उघडले: मीना १००१, जोसेफ १००२. दुसऱ्या यंत्रावर कोणीतरी आधी जोसेफचे उघडले: जोसेफ १००१, मीना १००२. दोन्ही यंत्रे वेगवेगळी आहेत तोवर कोणाचेच बिघडत नाही. सामाईक सर्व्हर जोडला की बिघडते.

विंडोजच्या दृष्टीने वापरकर्ता

विंडोजमध्ये खात्याची ओळख म्हणजे सिक्युरिटी आयडेंटिफायर, अर्थात एसआयडी. तो एकच आकडा नसून आकड्यांची साखळी असते. नमुन्यादाखल एक कल्पित एसआयडी घेऊ: एस-१-५-२१-२४७६३१-८८४२०५-५१३९७६-११०४. सुरुवातीचा १ हा आवृत्ती क्रमांक. ५ म्हणजे हा आयडी विंडोज एनटीच्या अधिकारात दिलेला आहे. २१ आणि त्यापुढचे तीन आकडे मिळून यंत्राची किंवा डोमेनची ओळख होते. शेवटचा ११०४ हा त्या डोमेनमधील खात्याचा क्रमांक. त्याला रिलेटिव्ह आयडी, म्हणजे आरआयडी म्हणतात. काही आरआयडी कायमचे ठरलेले आहेत: ५०० हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ५०१ हा गेस्ट, ५१३ हा डोमेन यूजर्स गट.

आडनाव आणि नाव यांच्यासारखी ही रचना आहे. साखळीचा मधला भाग घराणे सांगतो, शेवटचा भाग व्यक्ती. त्यामुळे दोन वेगवेगळ्या डोमेनमध्ये ११०४ क्रमांकाची खाती असली तरी त्यांची गल्लत होत नाही. युनिक्सच्या १००१ ला असे घराणे नाही, आणि निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

आणखी दोन फरक लक्षात ठेवा. विंडोजमध्ये फाइलची मालकी गटाकडेही असू शकते. युनिक्समध्ये मालक हा वापरकर्ताच असावा लागतो. आणि विंडोज नावात लहान-मोठी अक्षरे वेगळी मानत नाही, युनिक्स मानते. रोमन लिपीत लिहिलेल्या नावाचे पहिले अक्षर मोठे केले तर विंडोजच्या दृष्टीने खाते तेच राहते, युनिक्सच्या दृष्टीने ते दुसरे होते.

एनएफएस: क्लायंट सांगेल ते खरे

मॅपिंग नसेल तर काय होते याचा सर्वात स्वच्छ नमुना म्हणजे एनएफएस. ‘सन’ कंपनीने १९८० च्या दशकात तयार केलेला हा प्रोटोकॉल. त्याची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहे. तिच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत क्लायंट यंत्र प्रत्येक विनंतीसोबत वापरकर्त्याचा यूआयडी, जीआयडी आणि आणखी जास्तीत जास्त १६ गटांचे क्रमांक पाठवते. सर्व्हर ते तसेच स्वीकारतो. पासवर्ड विचारत नाही, नावही विचारत नाही.

आता वरचे उदाहरण पुन्हा घ्या. मीनाने पहिल्या यंत्रावरून सर्व्हरवर फाइल ठेवली. मालक म्हणून १००१ लिहिला गेला. ती दुसऱ्या यंत्रावर गेली, तिथे ती १००२ आहे. स्वतःचीच फाइल तिला उघडता येत नाही. जोसेफ मात्र त्या यंत्रावर १००१ आहे, त्यामुळे त्याला मीनाची फाइल वाचता येते, बदलता येते, पुसताही येते. कोणी काही फोडले नाही, कोणाचा पासवर्ड चोरला नाही. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने अगदी बरोबर वागली.

मुद्दाम कोणी करायचे ठरवले तर काम आणखी सोपे आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत्येकजण रूट असतो. त्यावर १००१ क्रमांकाचे कोणतेही खाते उघडायचे आणि सर्व्हरचे फोल्डर माउंट करायचे. ‘रूट स्क्वॅश’ ही सोय इथे उपयोगी पडत नाही. ती फक्त क्रमांक ० ने आलेल्या विनंतीला ‘नोबडी’ या खात्याकडे वळवते, १००१ ला अडवत नाही. म्हणून अशा पद्धतीचा एनएफएस ज्या यंत्रांवर आपलाच ताबा आहे, त्यांच्यापुरताच खुला ठेवावा. वसतिगृहाच्या वायफायवर तो दिसत असेल तर परवानग्या लावल्या काय आणि न लावल्या काय, सारखेच.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मालकाची माहिती आकड्याऐवजी ‘नाव ॲट डोमेन’ अशा मजकुराच्या रूपात पाठवण्याची सोय आली. दोन्ही टोकांना ‘आयडीमॅपडी’ नावाची सेवा नावाचे क्रमांकात आणि क्रमांकाचे नावात रूपांतर करते. दोन्हीकडे डोमेनचे नाव वेगळे लिहिले गेले असेल तर सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसू लागतो. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की ‘नोबडी’ दिसला की आधी डोमेनची ओळ तपासावी.

इथे एक बारकावा आहे आणि तो परीक्षेतही चुकतो. नावाने पाठवली जाते ती फाइलच्या मालकाची माहिती. विनंती कोण करत आहे हे मात्र जुन्या सुरक्षा पद्धतीत चौथ्या आवृत्तीतही आकड्यानेच सांगितले जाते. ते बदलायचे असेल तर कर्बेरोस लागतो. मॅपिंग आणि ओळख पटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीचे काम होत नाही.

साम्बा आणि नावांचा तक्ता

विंडोजचा फाइल वाटपाचा प्रोटोकॉल, म्हणजे एसएमबी, उलट्या बाजूने विचार करतो. तिथे क्लायंट ‘मी अमुक क्रमांक’ असे सांगत नाही. वापरकर्ता सर्व्हरकडे लॉगिन करतो, सर्व्हर पासवर्ड किंवा कर्बेरोसचे तिकीट तपासतो आणि मग तो कोण हे सर्व्हरच ठरवतो. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जे काम हाती घेतले, त्यातून पुढे साम्बा तयार झाला. युनिक्स यंत्राने विंडोजच्या क्लायंटशी एसएमबीत बोलावे, हे त्याचे काम.

पण साम्बा शेवटी युनिक्सवर चालतो. लॉगिन झाल्यावर फाइल उघडायची तर त्याला कोणत्या तरी यूआयडीचा वेष घ्यावाच लागतो. डोमेन नसलेल्या छोट्या व्यवस्थेत तो वेष नावावरून ठरतो: विंडोजवरून ‘मीना’ आली तर युनिक्सवरचे ‘मीना’ खाते. पासवर्ड मात्र वेगळा साठवावा लागतो. युनिक्सच्या पासवर्ड फाइलमधला हॅश आणि विंडोजच्या लॉगिनला लागणारा हॅश वेगळ्या पद्धतीने काढलेले असतात आणि एकावरून दुसरा काढता येत नाही. लिनक्सवर पासवर्ड बदलला तरी विंडोजवरून जुनाच का चालतो, या प्रश्नाचे उत्तर हेच.

नावे सारखी नसतील तर साम्बाला एक मॅप फाइल देता येते. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे युनिक्सचे नाव, मग बरोबरचे चिन्ह, आणि उजवीकडे विंडोजची एक किंवा अनेक नावे असतात. सर्व्हर डोमेनचा सदस्य असेल तर उजवीकडे डोमेनसकट पूर्ण नाव लिहायचे. उजवीकडे तारांकन लिहिले तर ‘उरलेले सगळे’ असा अर्थ होतो, म्हणून शेवटच्या ओळीत सगळ्या अनोळखी नावांना पाहुण्याच्या खात्याकडे वळवण्याची पद्धत आहे.

या फाइलीतला सापळा सांगायलाच हवा. साम्बा ओळ जुळली म्हणून थांबत नाही, तो खाली वाचतच जातो. मीनाची ओळ जुळते, तिचे नाव बदलते, आणि शेवटच्या तारांकनाशी ते बदललेले नावही जुळते. परिणाम असा की सगळेच पाहुणे होतात. ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिले तरच ती जुळल्यावर वाचन थांबते. एका चिन्हावाचून सगळ्या वर्गाच्या फाइली एकाच पाहुण्याच्या नावावर जाऊ शकतात.

एका युनिक्स खात्यावर अनेक विंडोज नावे वळवणेही शक्य आहे. फुकटात काम होते म्हणून ते मोहक वाटते. पण मग फाइलीवर त्या सर्वांचा एकच क्रमांक पडतो आणि अहवाल कोणी पुसला हे मालकीवरून कधीच कळत नाही. सामाईक फोल्डर हवे असेल तर गट करावा. एक खाते अनेकांत वाटणे मला प्रयोगशाळेच्या छापखान्यापुरतेही पटत नाही.

डोमेन असेल तर: विनबाइंडचे हिशेब

शेकडो विद्यार्थी असतील तर हाताने तक्ता लिहिणे शक्य नाही. त्या वेळी खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतात आणि लिनक्स सर्व्हर त्या डोमेनचा सदस्य होतो. एसआयडीचा यूआयडी करण्याचे काम साम्बाची विनबाइंड ही सेवा करते. ते कोणत्या रीतीने करायचे याचे पर्याय आहेत, आणि ती निवड हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

पहिली रीत: येईल त्याला पुढचा क्रमांक. विनबाइंडला एक पल्ला दिलेला असतो, समजा १०००० पासून पुढे. नवा एसआयडी दिसला की पुढचा मोकळा क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरवरच्या एका टीडीबी फाइलीत नोंद करायची. यात काही ठरवावे लागत नाही, सर्व काही आपोआप होते. मात्र त्याची किंमत दोन ठिकाणी चुकती करावी लागते. एक, दुसऱ्या सर्व्हरवर खाती वेगळ्या क्रमाने येतील आणि तिथे मीनाचा क्रमांक वेगळा पडेल. म्हणजे एनएफएसच्या उदाहरणातली तीच अडचण पुन्हा दारात. दोन, ती नोंदवही हरवली तर डिस्कवरच्या लाखो फाइलींवर क्रमांक राहतात, पण कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारे कोणी उरत नाही. फाइलींचा बॅकअप घेणारे अनेकजण ही नोंदवही विसरतात.

दुसरी रीत: गणिताने काढणे. पल्ल्याची सुरुवात अधिक आरआयडी, एवढेच सूत्र. सुरुवात १०००० आणि मीनाचा आरआयडी ११०४ असेल तर तिचा यूआयडी १११०४. नोंदवहीच लागत नाही. जितक्या सर्व्हरवर सारखाच पल्ला लिहिला असेल तितक्या सगळ्यांवर उत्तर तेच येते, सर्व्हर नव्याने बसवला तरीही तेच. गटाला फाइलचा मालक करण्याचा प्रश्नही यात सुटतो, कारण तोच आकडा यूआयडी आणि जीआयडी अशा दोन्ही रूपांत वापरण्याची मुभा या रीतीत आहे. अट एकच: प्रत्येक डोमेनला स्वतःचा पल्ला द्यायचा आणि पल्ले एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. सूत्रात आडनाव गळून फक्त नाव उरते. दोन डोमेनना एकच पल्ला दिला तर दोन्हींकडचे ११०४ एक होतील. यंत्रावरची स्थानिक खाती १००० पासून सुरू होतात, त्यांच्यावरही पल्ला चढता कामा नये.

तिसरी रीत: क्रमांक डिरेक्टरीतच लिहून ठेवणे. मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २३०७ या दस्तऐवजात युनिक्सच्या खात्यांची माहिती एलडॅप डिरेक्टरीत कशी ठेवावी हे मांडले आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या रचनेत ती क्षेत्रे विंडोज सर्व्हर २००३ च्या आर-२ आवृत्तीपासून समाविष्ट आहेत. प्रत्येक खात्यासमोर यूआयडी आणि प्रत्येक गटासमोर जीआयडी प्रशासकाने भरायचा, विनबाइंडने फक्त वाचायचा. इथे क्रमांक कोणत्याही सर्व्हरचा राहत नाही, संस्थेचा होतो. आधीपासून युनिक्सवर चालत आलेले क्रमांक जपायचे असतील तर हाच मार्ग. पण यात कष्ट आहेत, आणि एखाद्याचे क्षेत्र रिकामे राहिले तर तो वापरकर्ता लिनक्सच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. डोमेन यूजर्स या गटाला जीआयडी द्यायचे राहून जाते आणि मग एकही वापरकर्ता दिसत नाही, ही या रीतीतली सर्वात नेहमीची तक्रार.

अनेक लिनक्स यंत्रे विनबाइंडऐवजी एसएसएसडी ही सेवा वापरतात. तीही सूत्रच वापरते, पण सूत्र वेगळे आहे. डोमेनच्या एसआयडीचा हॅश काढून २००००० रुंदीचा एक तुकडा निवडायचा आणि त्यात आरआयडी मिळवायचा. एसएसएसडीच्या सगळ्या यंत्रांवर उत्तर जुळते. विनबाइंडच्या यंत्रांशी मात्र जुळत नाही. फाइल सर्व्हरवर विनबाइंड, प्रयोगशाळेच्या यंत्रांवर एसएसएसडी आणि मध्ये एनएफएस अशी व्यवस्था केली तर प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे अचूक चालते आणि एकत्र येऊन मीनाला तिच्याच घराबाहेर काढते. दोन्ही ठेवायच्याच असतील तर दोन्हींना डिरेक्टरीतले क्रमांक वाचायला सांगावे.

माझे मत विचाराल तर: एक डोमेन आणि नव्याने सुरुवात असेल तर दुसरी रीत, जुनी युनिक्स यंत्रे आणि एनएफएस सोबत असेल तर तिसरी. पहिली रीत फक्त विंडोजच्या अंगभूत गटांसारख्या किरकोळ एसआयडींसाठी, वेगळ्या छोट्या पल्ल्यात ठेवावी. आणि निवड पहिली फाइल लिहिली जाण्याआधी करावी. नंतर रीत बदलली तर जुन्या फाइलींवरचे क्रमांक आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक जुना क्रमांक शोधून त्या जागी नवा घालावा लागतो. एकाचा नवा क्रमांक हा दुसऱ्याचा जुना असेल तर हे काम भलत्याच क्रमाने केल्यास दोघांच्या फाइली कायमच्या मिसळतात. म्हणून आधी सर्वांना एका रिकाम्या पल्ल्यात हलवून मग अंतिम क्रमांक देतात. ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्येही क्रमांकच असतात, तेही बदलावे लागतात.

उलट दिशा: लिनक्सवरून विंडोजकडे

लिनक्सच्या यंत्रावर विंडोजचे सामाईक फोल्डर माउंट करताना एक खाते आणि त्याचा पासवर्ड दिला जातो. त्यानंतर त्या यंत्रावर कोणीही बसले तरी विंडोज सर्व्हरला दिसते ते एकच खाते. माउंट करताना यूआयडीचा पर्याय दिला की लिनक्सवर फाइलींचा मालक तो दिसतो, पण तो नुसता मुखवटा. सर्व्हरवर परवानगी तपासली जाते ती माउंटच्या खात्याचीच. प्रत्येकाची ओळख वेगळी पोहोचवायची असेल तर ‘मल्टियूजर’ हा पर्याय आणि सोबत सहसा कर्बेरोस वापरतात.

दुहेरी बूटच्या लॅपटॉपवर नेटवर्कशिवायच हाच प्रश्न येतो. एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरला त्यासाठी एक मॅपिंग फाइल देता येते. तिच्यातल्या ओळीत यूआयडी, जीआयडी आणि एसआयडी विसर्गचिन्हाने वेगळे करून लिहितात. आतापर्यंतचा सगळा विषय त्या एका ओळीत मावतो.

खाते बंद झाल्यावर

विद्यार्थी दरवर्षी जातात आणि नवे येतात, त्यामुळे हा भाग महाविद्यालयाला जास्त लागू आहे. विंडोज डोमेनमध्ये एकदा दिलेला आरआयडी पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. मीनाचे खाते चुकून पुसले आणि त्याच नावाने नवे उघडले, तर तिला नवा एसआयडी मिळतो आणि जुन्या फाइली तिला परक्या होतात. नाव तेच, माणूस तोच, तरी हक्क गेला.

लिनक्सवर उलटे घडते. खाते उघडण्याची नेहमीची आज्ञा वापरात असलेल्या सर्वात मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देते. शेवटच्या क्रमांकाचे खाते पुसून लगेच नवे उघडले तर नव्याला तोच क्रमांक मिळतो. जुन्याच्या फाइली सर्व्हरवर राहून गेल्या असतील तर त्यांचा मालक आता हा नवा माणूस. त्यात गुणपत्रक असो की खासगी पत्र. म्हणून जाणाऱ्याचे खाते पुसण्याऐवजी आधी फक्त बंद करतात, त्याच्या फाइली हलवतात, आणि क्रमांक पुन्हा वापरत नाहीत. ३२ बिटी यूआयडीमध्ये चार अब्जांहून अधिक क्रमांक आहेत, काटकसरीचे काही कारण नाही.

सर्व्हर बदलतानाही असाच प्रसंग येतो. टार संग्रहात मालकाचे नाव आणि क्रमांक दोन्ही साठवलेले असतात, आणि रूटने संग्रह उलगडला तर नावाला प्राधान्य मिळते. आरसिंकही रूट म्हणून चालवल्यावर आधी नाव जुळवून पाहते. दोन्हींना ‘क्रमांकच जपा’ असे सांगणारा पर्याय आहे. दोन्ही यंत्रांवर मॅपिंग सारखे असेल तर तो वापरावा. नसेल तर मुळात नक्कल करण्याआधी मॅपिंग सारखे करावे.

बिघाड शोधताना

तक्रार बहुधा ‘परवानगी नाकारली’ एवढीच येते. सर्व्हरवर ‘एलएस’ आज्ञा ‘एन’ पर्यायासह चालवा, म्हणजे नावांऐवजी आकडे दिसतील. मग वापरकर्ता ज्या यंत्रावर बसला आहे तिथे ‘आयडी’ आज्ञेने त्याचा यूआयडी पाहा. विंडोजवर ‘हू-ॲम-आय’ आज्ञेला ‘यूजर’ पर्याय दिला की एसआयडी दिसतो. तो ‘डब्ल्यूबीइन्फो’ला देऊन सर्व्हर त्याचा कोणता यूआयडी करतो हे विचारा. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की दोष बहुतेक वेळा कागदावरच दिसतो. मांडणी दुरुस्त केल्यावरही जुनेच उत्तर येत असेल तर विनबाइंडची साठवण रिकामी करा. सापडलेली जोडी तो मूळ मांडणीनुसार एक आठवडा लक्षात ठेवतो.

सरावासाठी

१. एका सर्व्हरवर विनबाइंडचा पल्ला ५०००० ते ९९९९९ असून सूत्राची रीत निवडली आहे. आरआयडी ५१३, २२१० आणि ६०५०० यांचे क्रमांक काढा. यांपैकी एकाला क्रमांक मिळणार नाही. कोणाला, आणि का?

२. दोन लिनक्स यंत्रांवर दोन खाती उलट क्रमाने उघडा. तिसऱ्या यंत्रावरचे एनएफएस फोल्डर दोन्हींवर माउंट करून एका खात्याने फाइल लिहा. दुसऱ्या यंत्रावर तिचा मालक कोण दिसतो आणि ती कोणाला बदलता येते, हे आधी वहीत लिहा, मग करून पाहा.

३. मॅप फाइलीत आधी मीनाची ओळ आणि शेवटी पाहुण्याची तारांकनाची ओळ आहे, उद्गारचिन्ह कुठेच नाही. मीनाने विंडोजवरून नवी फाइल तयार केली, तर तिचा मालक कोण होईल? दोन्ही ओळींचा क्रम उलटा केला तर उत्तर बदलेल का?